तातडीची मदत : जुन्या डमीच्या डोक्याचं नाक तुटलंय, काय लावू?

चिंधीचोर : पुण्याच्या जुन्या बाजारात एक बाईचं डोकं मिळालं, साडीच्या दुकानातलं असावं. केस रंगवलेलेच आहेत, विग नाही. नाकाचा शेंडा उडालाय आणि गालावर रंगाचे पापुद्रे सुटतायत. शनिवारी पाहुणे येणार, त्याआधी शोकेसमध्ये ठेवायचंय. काय लावू? यूट्यूबवाले सांगतात ते काही इथे मिळत नाही.

मिस्त्रीकाका : एम-सील. दोन्ही गोळे सारखे घेऊन मळा, नाक करा, सुकलं की पॉलिश पेपर मारा. विषय संपला. आमच्या टाकीची गळती त्यानेच थांबली.

खारीबिस्कीट : काका, टाकी नाहीये ती. @चिंधीचोर, डोकं कशाचं आहे? पीओपी, कागदाचा लगदा की फायबर? फोटो टाक.

चिंधीचोर : डमीचं डोकं आहे हो, जसं असतं तसं. फोटो चढत नाहीये. नाकाचं सांगा ना कोणीतरी.

पेणचा_पोरगा : असं कसं सांगणार? फायबर हलकं असतं. पीओपी जड, तुटल्या जागी पांढरं पिठूळ दिसतं. लगदा असेल तर कडेला कागदाचे थर दिसतील, आणि त्याला पाणी लागलं की फुगतो. तेव्हा कळेपर्यंत ओलं फडकं लावू नका.

सुपारी_कात्री : केवढ्याला मिळालं? मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर तोंडाला येईल तो भाव सांगतात. विकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नाना_न्यूजर्सी : पूर्वी पॅरिसला पिएर इमान्सकडे मेणाची डोकी करायचे. काचेचे डोळे, खरे केस! ऊन येणाऱ्या शोकेसमध्ये ठेवली की मेण मऊ पडायचं. पुढे प्लास्टर आणि लगदा आला, फायबर तर बरंच नंतरचं.

खारीबिस्कीट : नाना, छान माहिती, पण ह्यांचं नाक?

चिंधीचोर : बरं, जड आहे. पांढरी पावडर पडते. मानेतून गंजकी तार बाहेर आलीय आणि तिथून कानापर्यंत भेग आहे. त्याने काही फरक पडतो का?

पेणचा_पोरगा : अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये नको का सांगायला! पीओपीच आहे. तार गंजली की गंज फुगतो आणि पीओपी आतून फोडतो. नाक राहू दे, आधी तार घासून गंज काढा आणि गंजरोधक लावा. मग भेग भरा, मोठी असेल तर पीओपीत काथ्या घालून. भरण्याआधी तुटकी जागा ब्रशने ओली करा, नाहीतर जुना पीओपी नव्यातलं पाणी शोषतो आणि भर सुटते. नाकाच्या आत बारीक पितळी तार खोचा. ती गंजत नाही.

मिस्त्रीकाका : एवढा खटाटोप कशाला? एम-सील दगडासारखं होतं.

खारीबिस्कीट : म्हणूनच नको. उद्या धक्का लागला तर एम-सील शाबूत राहील आणि बाजूचा गाल जाईल.

मिस्त्रीकाका : करा मग तुमच्या पद्धतीने. आम्ही अडाणी.

रंगारी_नं_१ : सगळा रंग घासून काढा आणि स्प्रे मारा. डोळ्यांची आखणी गणपतीवाल्याकडून करून घ्या, बघत राहाल.

नाना_न्यूजर्सी : अजिबात नको! मूळ रंग गेला की उरला नुसता पीओपीचा गोळा. शिवाय जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, कोरडं घासलं तर धूळ नाकातोंडात जाईल. संग्रहालयवाले पापुद्रे पॅरालॉइड बी-७२ने, म्हणजे एका पारदर्शक ॲक्रिलिक राळेने, चिकटवतात. ते ॲसिटोनमध्ये विरघळवतात, तेव्हा आधी मानेच्या मागे थेंबभर लावून रंग उठतो का बघा.

रंगारी_नं_१ : शोकेसमध्येच ठेवायचंय ना, लिलावात थोडंच काढायचंय?

सुपारी_कात्री : स्प्रे मारलात तर मी घेणार नाही.

चिंधीचोर : विकायचं नाहीये!! शनिवारपर्यंत होईल का, एवढंच सांगा.

पेणचा_पोरगा : भेग आणि नाक भरून होईल. रंग नाही. पीओपी घट्ट लगेच होतो, आतून सुकायला वेळ लागतो. ओल्यावर रंग दिलात तर फुगे येतील. पाहुण्यांना डावी बाजू दाखवा.

चिंधीचोर : भेग डावीकडेच आहे.

टोपीवाला_सदाशिव : माझ्याकडे टोप्यांच्या दुकानातलं लाकडी डोकं आहे, वाळवी लागलीय. इथेच विचारू की नवा धागा काढू?