ई ४२ हा एरर कोड येऊन लिफ्ट तिसऱ्या मजल्याजवळच अडकते, शोध कुठून सुरू करावा?

स्टार्ट_डेल्टा:
सात मजली इमारत, ऑटो डोअर, कंट्रोलर मोनार्क नाइस ३०००. लिफ्ट धावताना झटक्यात थांबते आणि ई ४२ दाखवते. वर जाताना तिसऱ्याच्या थोडी वर, खाली येताना तिसऱ्याच्या थोडी खाली. रिकामी फिरवली तर ठीक, माणसं भरली की अडकते. कारच्या दाराचा कॉन्टॅक्ट बदलून झाला. सोसायटीवाले कंट्रोलरचं मेन कार्ड बदला म्हणतायत. शिवाय जोराचा पाऊस झाला की ई ४१ येतो. दोन्हींचा संबंध आहे का?

शाफ्ट_लाइन:
कार्ड बदलू नका, ते त्याचं काम चोख करतंय. ई ४२ म्हणजे लिफ्ट धावत असताना डोअर लॉकचं सर्किट तुटलं. कुठे तुटलं ते कोड सांगत नाही, अडकण्याची जागा सांगते. कुठेही अडकत असेल तर कारचं दार किंवा ट्रॅव्हलिंग केबलची (कारसोबत लटकत फिरणारी केबल) आतून तुटलेली तार. तुमची दोन्ही दिशांना तिसऱ्याच्याच आसपास थांबते. ब्रेक लागेपर्यंत कार थोडी पुढे सरकते, एवढाच फरक. म्हणजे दोष तिसऱ्याच्या लँडिंग लॉकमध्ये, म्हणजे मजल्यावरच्या दाराच्या लॉकमध्ये.

माणसं असतानाच का? गाइड शूचे (कारला रुळांवर धरून ठेवणारे) लायनर झिजलेले असणार. भार एका बाजूला आला की कार कलते आणि कपलर (कारच्या दारावरचा, मजल्याचं दार सोबत उघडणारा भाग) लॉकच्या रोलरला घासून जातो. हूक किंचित उचलला, कॉन्टॅक्ट सुटला. रोलरवर एका बाजूला ताजा घासल्याचा डाग दिसेल.

कारच्या छतावरून इन्स्पेक्शनवर (तपासणीच्या मोडवर) हळू चालवत तिसऱ्याशी या, स्टॉप दाबा आणि कपलर-रोलरमधली फट दोन्ही बाजूंना मोजा. मग कारमध्ये एका कडेला वजनं ठेवून पुन्हा मोजा. आधी लायनर बदला, फट नंतर लावा. उलट क्रमाने केलं तर सगळी सेटिंग परत बिघडते.

लॉक_रोलर:
वरच्याशी सहमत. एक भर: त्याच दाराच्या खालचे शू आणि सिलची (उंबरठ्याची) खाच बघा. शू झिजले की दाराचं पान हलतं. दार बंद असताना पान हाताने ओढा, त्या वेळी दुसऱ्याने कार्डावरचा एक्स २६ चा (डोअर लॉकच्या इनपुटचा) दिवा बघावा (दुसरा लॉक इनपुट वापरला असेल तर एक्स २७). लुकलुकला तर दोष सापडला. कॉन्टॅक्ट जुळण्याआधी हूक किमान ७ मिमी अडकलेला हवा. त्याहून कमी असेल तर लॉक नीट बसवा किंवा बदला. कॉन्टॅक्टला पॉलिश पेपर लावू नका, वरचा चांदीचा थर जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापड पुरे.

स्टार्ट_डेल्टा:
लायनर यायला दोन दिवस लागतील. तोवर तिसऱ्याच्या लॉकला जंपर (कॉन्टॅक्टला वगळून थेट जोडलेली तार) चालेल का?

शाफ्ट_लाइन:
अजिबात नाही. जंपर लावलात तर तिसऱ्याचं दार उघडं असतानाही कार निघून जाईल आणि कुणी सरळ शाफ्टमध्ये पडेल. पूर्ण लॉक लूप जंपर केला तर दार उघडल्यावरही सिग्नल येत राहतो, म्हणून कार्ड ई ५३ देतं. पण एकाच मजल्याचा जंपर त्याला कळत नाही, कारण कारच्या दाराचा कॉन्टॅक्ट लूप तोडतोच. लायनर येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवा, प्रत्येक मजल्यावर पाटी लावा.

पिट_स्विच:
ई ४१ वेगळा आहे. तो सेफ्टी सर्किटचा (एकामागे एक जोडलेले सुरक्षा स्विच), त्याचा इनपुट एक्स २५. पावसात आला तर पिट (शाफ्टच्या तळाचा खड्डा) बघा. आधी ११० व्होल्टचा एमसीबी पडलाय का ते पाहा. पडला असेल तर पाणी शिरून कुठेतरी करंट अर्थिंगला जातोय: पिट स्टॉप, बफर स्विच, किंवा त्यांची जॉइंट पेटी. एमसीबी चालू आणि एक्स २५ चा दिवा बंद असेल, तर एखादा स्विच उघडा आहे. मीटरची एक पिन न्यूट्रलला ठेवून टर्मिनल क्रमाने तपासा. जिथे ११० नाहीसे होतात, त्याच्या अलीकडचा स्विच. गव्हर्नरच्या (वेग मर्यादेत ठेवणाऱ्या सुरक्षा यंत्राच्या) टेन्शन पुलीचा स्विचही पाहा. दोरी ताणून लांबली की पुली खाली उतरते आणि तो पडतो.

पंपाने पाणी काढून स्विच सुकवले तरी पिटची गळती बंद केल्याशिवाय हा कोड परत येणारच. जॉइंट पेटी पाण्याच्या पातळीच्या वर घ्या.