बर्मा शेल हिसकावली? अहो, कुणी कुणाला काय दिलं होतं?

पंचवटीकर:
परवा इथे एकाने लिहिलं, "बर्मा शेल या गोऱ्यांच्या तेल कंपनीने मुंबईत माहुलला रिफायनरी बांधून दिली, इंदिराबाईंनी हिसकावली. शेलकडेच राहिली असती तर नाशकात पेट्रोल निम्म्या भावात असतं." चहा गार झाला वाचून.

बांधून दिली? धर्मशाळा होती का ती? १९५१ च्या करारात पंचवीस वर्षं राष्ट्रीयीकरण करणार नाही असं सरकारकडून लिहून घेतलं, शुल्काचं संरक्षण घेतलं, मग १९५५ ला कारखाना सुरू केला. शेजारची अमेरिकन एस्सो कंपनीची त्याच्या आदल्या वर्षी. कच्चं तेल कुठून आणायचं हेही तेच ठरवणार. १९६० मध्ये रशियाने स्वस्तात तेल देऊ केलं, तेव्हाचे तेलमंत्री केशवदेव मालवीय मागे लागले, तर या दोघी आणि विशाखापट्टणमची कॅल्टेक्स, तिघींनी नकार दिला. आपल्या किनाऱ्यावर बसून आपणच आणलेलं तेल शुद्ध करून देईनात! १९७४ ला एस्सो, १९७६ ला बर्मा शेल घेतली ती कायदा करून, मोबदला मोजून. याला हिसकावणं म्हणतात होय?

सातपूरकर:
तो 'एक' मीच. नाव घ्यायचं होतं की काका.
५५ ते ७६ किती होतात? एकवीस. पंचवीसचा शब्द तुम्हीच सांगितलात. माझ्या वडिलांना वर्कशॉपसाठी 'तीन महिन्यांत वीज' असा शब्द एका कार्यालयाने दिला होता. तीन वर्षं जनरेटरवर लेथ चालवली त्यांनी. दिलेला शब्द फिरवणाऱ्यांचं कौतुक मला सांगू नका.

गोदाकाठची:
आमच्या भद्रकालीतल्या घरी बर्मा शेलचा रॉकेलचा डबा होता. वरचा पत्रा कापून, काठ ठोकून आत दुमडून, आडवा दांडा बसवून आजीने त्याची बादली केलेली. राखेने कितीही घासा, पाण्याला वास यायचाच. माझ्यालेखी त्या कंपनीचा इतिहास एवढाच.

मनमाडकर:
ताई, तुमच्याकडे वासाचं का होईना, पाणी होतं. माहुलहून २५२ किलोमीटरची पाइपलाइन सह्याद्री ओलांडून आमच्या पानेवाडीच्या तेल डेपोत पेट्रोल-डिझेल ओतते. आणि गावात नळ पंधरा-वीस दिवसांनी! वागदर्डी धरण आटलं की पालखेडच्या कालव्याला पाणी कधी सुटतं तिकडे डोळे. पुतण्याची सोयरीक यावरून मोडली. मुलीच्या मामाने पत्रिका बाजूला ठेवली आणि मोरीतले ड्रम मोजले.

सातपूरकर:
विषय काय, चाललंय काय!

मनमाडकर:
विषय तेलाचाच आहे भाऊ. तेल घाट चढतं, मग पाण्यालाच काय धाड भरते?

पंचवटीकर:
तेलाला गिऱ्हाईक आहे म्हणून चढतं. नगरपालिकेचं खापर रिफायनरीवर कशाला?

मनमाडकर:
गंगापूर धरण उशाला घेऊन झोपणाऱ्यांनी हे बोलू नये. तुम्ही गाड्या धुता त्या पाण्यात आमची आळी आठवडा काढेल.

पंचवटीकर:
मी गाडी ओल्या फडक्याने पुसतो. उगाच अंगावर येऊ नका.

जुना टँकरवाला:
दोघंही जरा दमानं घ्या. पानेवाडीत अठरा वर्षं गाडी भरली मी. मालकी गोऱ्याची का सरकारची, हे फाटकाच्या आत. बाहेर ढाब्यामागे रेशनचं निळं रॉकेल भेसळीला कसं जायचं ते आम्ही बघितलंय. २५ जानेवारी २०११ ला तेच धरायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे साहेब, त्यांना तिथेच जिवंत जाळलं. त्या रात्री बायको म्हणाली, उद्यापासून गाडीवर जायचं नाही. गेलो. गाडीचा हप्ता होता.

गोदाकाठची:
दादा, यावर काय बोलणार.

सातपूरकर:
खरंय. काका, रशियाच्या तेलाचं मला माहीत नव्हतं, तेवढा मुद्दा तुमचा, घ्या, फ्रेम करून लावा. पण एवढी सोडवून आणलेली कंपनी, म्हणजे आताची भारत पेट्रोलियम, सरकारनेच २०१९ ला विकायला काढली, ५२.९८ टक्के हिस्सा. २०२२ ला गुंडाळलं म्हणून वाचली. तेव्हा कुठे होतात?

पंचवटीकर:
विरोधातच होतो. घरात बसून. आणि निम्म्या भावाचं काय झालं? पेट्रोलच्या दरात केंद्राचा आणि राज्याचा कर किती ते बघा एकदा. शेल काय तो माफ करणार होती?

सातपूरकर:
बरं, निम्मा नाही. दोन रुपये तरी?

पंचवटीकर:
त्या दोन रुपयांसाठी मी एवढं टाइप केलं!

मनमाडकर:
थांबा, नळ आला. सतरावा दिवस. ड्रम भरून येतो, मग गंगापूरचं बोलू.