मदत हवी आहे: शेजारी जपानी मेंदूज्वर निघाला, मुलांना नागपूरला पाठवावे काय?

बोडीकाठ: शेजारच्या मुलाला जपानी मेंदूज्वर झाल्याचे काल कळले. आमची मुले त्याच्याबरोबरच खेळत असत. तो घरी परतेल तेव्हा त्यांना नागपूरला मावशीकडे ठेवावे की नाही, एवढेच सांगावे. धानाची रोवणी अर्धी राहिली आहे, उत्तर लवकर हवे.

निवृत्त आरोग्यसेवक: मुलांची वये, लस, घराजवळची डुकरे, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. सोबत खेळल्याने हा आजार लागत नाही. विषाणू बगळ्यांत आणि डुकरांत वाढतो, बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, पाण्यात वाढलेला क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतो, आणि माणसाच्या रक्तात तो इतका कमी असतो की रुग्णाला चावलेला डास पुढे कोणाला आजारी पाडू शकत नाही.

लिंबाचा पाला: सायंकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करावा आणि पाण्याच्या टाक्या दर आठवड्याला कोरड्या कराव्यात. आमच्याकडे एवढ्यावरच भागते.

वर्धेकर: टाक्यांचा उपाय डेंग्यूच्या एडिस डासासाठी आहे, तो दिवसा चावतो. क्युलेक्स सायंकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. रोवणीच्या दिवसांत बांधी कोण कोरडी करणार? मच्छरदाणी लावावी.

ऑरेंजसिटी: मेंदूज्वरच आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूला तर नागपूरकडच्या गावाचेच नाव आहे, तो १९६५ मध्ये सापडला. त्याचीही तपासणी करावी.

वर्धेकर: तो वालुमाशीमुळे पसरतो. कृपया वेगळा धागा काढावा.

बोडीकाठ: मुलगा चार वर्षांचा, मुलगी अकरा वर्षांची. लसीचे कार्ड सापडत नाही. डुकरे आमची नाहीत, पण रात्री आमच्याच घरामागे बसतात. म्हशीही विकाव्या लागतील काय, असे सासरे विचारत आहेत.

निवृत्त आरोग्यसेवक: म्हशी विकू नयेत, त्यांच्या शरीरात हा विषाणू डासांना पुरेल इतका वाढत नाही. धोका मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांना असतो, कारण अशा भागातील बहुतेक प्रौढांना पूर्वी नकळत लागण होऊन प्रतिकारशक्ती आलेली असते. साधारण २५० लागणींत एकालाच गंभीर आजार होतो, परंतु त्यांत ३० टक्क्यांपर्यंत रुग्ण दगावतात. लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. आशाताईंकडे नोंद पाहावी. तापात झटके आले, मान ताठरली किंवा मूल असंबद्ध बोलू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

लिंबाचा पाला: धुराने अपाय तरी होत नाही.

वर्धेकर: खोकला होतो.

बोडीकाठ: नोंदवहीत मुलीचे दोन्ही डोस आहेत, मुलाचा दुसरा नाही, तो बुधवारी देतील. मुले येथेच राहतील. डुकरांबाबतचा अर्ज सरपंचांच्या नावे करावा की ग्रामसेवकांच्या?