मदत हवी आहे: दिवाळखोरीतील कारखान्याकडून येणे वसूल करताना वकिलाचा खर्च कोणी सोसायचा?

नमस्कार. देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. पेटीत भरण्याजोगा माल दलालाकडे गेल्यावर उरलेला आंबा आम्ही मे महिन्यात कॅनिंगला घालतो. ज्या पल्प कारखान्याला मी आणि वाडीतील आणखी काही बागायतदार आंबा घालत होतो, त्या कंपनीविरुद्ध बँकेने २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली अर्ज केला आणि ऐन हंगामात, मेच्या मध्यावर, एनसीएलटीच्या (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या) मुंबई खंडपीठाने तो दाखल करून घेतला. कारखाना मात्र हंगाम संपेपर्यंत चालू होता.

माझे येणे ६,४०,००० रुपये आहे. माल पुरवणाऱ्यांच्या दाव्याचा फॉर्म बी भरून मुदतीत दावा दिला होता. आरपींनी (या प्रक्रियेत कंपनीचा कारभार पाहण्यासाठी नेमलेल्या व्यावसायिकाने) ३,९०,००० रुपये मान्य केले. उरलेल्या २,५०,००० रुपयांच्या मालाच्या केवळ काट्याच्या पावत्या आहेत आणि कंपनीच्या हिशेबात त्याची बिले चढलेली नाहीत, या कारणाने ती रक्कम अमान्य केली. मुंबईतील एका वकिलांनी याविरुद्ध त्याच न्यायाधिकरणात संहितेच्या कलम ६०(५) खाली अर्ज करण्याचा सल्ला दिला असून त्यांची फी ६०,००० रुपये आहे. अर्जाला विरोध करण्यासाठी आरपीही वकील देणार, आणि त्या वकिलाची फी कंपनीच्याच पैशांतून जाणार, असे कळले. निकाल माझ्या बाजूने लागल्यास माझी फी परत मिळते का, आणि विरुद्ध गेल्यास त्यांचा खर्च माझ्यावर पडतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी कंपनी सेक्रेटरी असून रत्नागिरीत काम करतो. आपला दावा सिद्ध करण्याचा खर्च ज्या त्या धनकोनेच (ज्याचे येणे आहे त्याने) सोसायचा, असे या प्रक्रियेच्या विनियमांतच लिहिलेले आहे. न्यायाधिकरण खर्चाचा आदेश देऊ शकते, पण तो त्याच्या मर्जीचा भाग आहे आणि त्या भरवशावर फी ठरवू नये. हरल्यास दुसऱ्या बाजूचा खर्च आपोआप आपल्यावर पडत नाही. खोडसाळ अर्ज असेल तर गोष्ट वेगळी. कलम ६५ मधील एक लाख ते एक कोटी रुपयांच्या दंडाची भीती कोणी घातली असेल, तर तो दंड कपटाने वा दुष्ट हेतूने दिवाळखोरीची प्रक्रियाच सुरू करणाऱ्यासाठी आहे, दाव्याच्या रकमेबद्दल भांडणाऱ्यासाठी नाही.

आरपींच्या वकिलाबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. धनको समितीने मंजूर केलेला असा खर्च प्रक्रियेचा खर्च धरला जातो आणि तो सर्वांच्या आधी, पूर्ण फेडला जातो. त्या समितीत साधारणपणे बँका असतात. आपल्यासारख्या माल पुरवणाऱ्यांना तिथे मत नसते. कंपनी अवसायनात गेली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करायची ठरली, तर कलम ५३ च्या क्रमात प्रक्रियेचा खर्च, कामगार आणि तारण असलेल्या बँका, इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय धनको (तारण न घेता कर्ज दिलेले), सरकारी देणी असे सगळे झाल्यावर माल पुरवणारे येतात. कंपनी विकण्याऐवजी ती चालू ठेवून देणी फेडण्याची योजना मंजूर झाली तरी कायद्याने आपल्याला मिळणारी किमान रक्कम याच क्रमावरून काढतात आणि बँकांचे कर्ज मोठे असेल तर ती शून्यही निघू शकते. समजा पाच टक्के मिळाले, तर वादातील २,५०,००० रुपयांवर आपल्या हाती १२,५०० रुपये येतील. त्यासाठी ६०,००० रुपये मोजणे मला तरी पटत नाही.

त्यापेक्षा पावत्यांवरील तारखा पाहाव्यात. बँकेचा अर्ज दाखल करून घेतल्याच्या आदेशानंतर कारखाना आरपींच्या ताब्यात होता, आणि तो चालू ठेवण्यासाठी त्या काळात घेतलेल्या आंब्याची किंमत हा दावा नसून कलम ५(१३) प्रमाणे प्रक्रियेचाच खर्च ठरतो. वकिलाची फी ज्या रांगेत आहे, त्याच रांगेत ती रक्कम येते.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. पावत्या काढून पाहिल्या. अमान्य झालेल्या मालापैकी सुमारे १,७०,००० रुपयांचा आंबा आदेशाच्या तारखेनंतर गेलेला आहे. फॉर्म बी भरताना सगळे एकत्रच दाखवले होते. आता हे वेगळे काढता येईल का, आणि त्यासाठी वकील लागेलच का?

प्रतिसाद २

वेगळे काढता येईल. आदेशानंतरच्या मालाचे स्वतंत्र बिल करावे, सोबत काट्याच्या पावत्या, टेम्पोचे भाडे दिल्याचा पुरावा आणि माल उतरवून घेणाऱ्याची सही जोडावी, आणि ही रक्कम प्रक्रियेचा खर्च म्हणून द्यावी असे पत्र आरपींना ईमेलने व पोस्टाने पाठवावे. उरलेल्या ८०,००० रुपयांसाठी जास्तीचा पुरावा त्याच पत्रासोबत द्यावा, कारण नवी माहिती मिळाल्यास मान्य रक्कम सुधारणे आरपींवर बंधनकारक आहे. इथपर्यंत वकिलाची गरज नाही. त्यांनी नकार दिला तरच न्यायाधिकरणात जावे. तिथे स्वतः उभे राहता येते किंवा सनदी लेखापाल वा कंपनी सेक्रेटरीलाही अधिकार देता येतो. वाडीतील इतरांच्या पावत्याही अशाच असतील, तर सर्वांनी मिळून एकच माणूस नेमावा, म्हणजे फी वाटली जाईल. मात्र पत्र लवकर पाठवावे, कारण योजना एकदा मंजूर झाली की तीत न धरलेली रक्कम मागून मिळवणे फार कठीण होते.