पहिली लांबची सायकलसहल: आखणीत काय चुकले, काय जमले?

येत्या डिसेंबरात पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरून, किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यातल्या तेरेखोलपर्यंत सायकलने जाण्याचा बेत आम्ही तिघे मित्र आखत आहोत. एकूण किलोमीटरना दिवसांनी भागले की मुक्काम ठरतात, असा सध्याचा हिशेब आहे आणि तो कुठेतरी फसणार याची मला दाट शंका आहे. म्हणून ज्यांनी अशी पहिली सहल केली आहे, त्यांनी घरी बसून काय ठरवले होते आणि प्रत्यक्षात काय बदलावे लागले, ते सविस्तर लिहावे. कोणती सायकल घ्यावी, ही चर्चा मात्र इथे नको. ती कधीच संपत नाही.

माझ्या गाठीशी फक्त पुणे ते पंढरपूर, सुमारे २१० किलोमीटर, दोन दिवस, एवढाच अनुभव आहे. सगळे सामान पाठीवरच्या सॅकमध्ये घेतले होते. इंदापूरच्या पुढे खांदे असे भरून आले की पायांचे दुखणे विसरलो. त्यामुळे या वेळी पाठ मोकळी ठेवायची आणि सामान कॅरिअरवर लावायचे, हे एक पक्के आहे.

*

हीच वाट मी आणि माझ्या धाकट्या भावाने केली आहे. आम्हीही किलोमीटरच मोजले होते आणि दिवसाला ९० ठरवले होते. त्यामागे एक भाबडी समजूत होती, की समुद्राच्या कडेने जाणारा रस्ता सपाट असतो. कोकणात गाव वसते खाडीच्या तोंडाशी, आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे कातळाचे पठार, असतो. रस्ता गावातून सड्यावर चढतो, थोडा वेळ उघड्या कातळावरून जातो आणि पुन्हा पुढच्या खाडीत उतरतो. यातला एकही चढ घाटाएवढा मोठा नाही, पण दिवसातून असे सात-आठ आले की संध्याकाळी बेरीज ताम्हिणीइतकीच होते, शिवाय ताम्हिणीची सावली तिथे नसते. बागमांडल्याला फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवीला उतरलो तेव्हा भाऊ म्हणाला, ‘‘दादा, आता हर्णैपर्यंत आरामच आहे.’’ केळशी सोडल्यावर तो जो गप्प झाला, तो आंजर्ल्याच्या खाडीपर्यंत बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही ९० चे ६० केले आणि सहल खरी तिथून सुरू झाली.

दुसरी गोष्ट फेरीबोटींची. तुमच्या वाटेवर बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या तीन तरी लागतील. सायकलला तिकीट किरकोळ असते, पण फेरी चुकली तर खाडीला वळसा घालून जाणे पहिल्या सहलीत शक्य होत नाही. तवसाळला शेवटची बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली आणि मुक्कामासाठी अंधारात मागे फिरावे लागले. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो, हे घरी ठाऊक असते, पण आखणीत कोणी धरत नाही. म्हणून माझा सल्ला असा, की रोजचा मुक्काम आधी न ठरवता खाडी कोणत्या वेळी ओलांडायची ते ठरवावे, शक्यतो सकाळची, आणि बोटीची वेळ आदल्या दिवशी गावातच विचारून घ्यावी. सकाळी लवकर निघालात तर अकराच्या आत निम्मे अंतर कापून होते. दुपारी घामाने जीव नकोसा होतो, तेव्हा एखाद्या देवळाच्या सभामंडपात आडवे व्हावे. उशिरा निघून दुपारी रेटण्यात शौर्य नाही.

*

मी रत्नागिरीची, वय ५२. मैत्रिणीबरोबर मालवणपर्यंत गेले होते. सामान घरच्या वजनकाट्यावर ११ किलो भरले. त्यातले जवळपास चार किलो जैतापूरच्या पुढे टपालाने घरी परत पाठवले: जादा कपडे, जाड टॉवेल, एक कादंबरी आणि, सांगायला लाज वाटते, छोटी इस्त्री. लागले ते एवढेच: सायकलवरचे दोन जोड, मुक्कामावरचा एक जोड, क्षारांची पाकिटे आणि पुढे-मागे दिवे.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण पुरुष ती लिहीत नाहीत. स्वच्छतागृह कुठे मिळेल या काळजीने आम्ही पहिल्या दिवशी पाणीच कमी प्यायलो आणि दुपारी माझे डोके गरगरू लागले. त्यानंतर चहाची टपरी टाळून, घरगुती खानावळ असेल तिथेच थांबायचे असा नियम केला. ‘‘वहिनी, जरा आत जाऊ का?’’ एवढे विचारल्यावर कोणी नाही म्हटले नाही. उलट दोन ठिकाणी सोलकढी मिळाली.

*

मी जर्मनीत राहतो. माझी पहिली सहल पासाऊ ते व्हिएन्ना, डॅन्यूब नदीच्या काठाने, ३०० किलोमीटरहून थोडी अधिक. वाट जवळजवळ सपाट, बहुतेक ठिकाणी मोटारींपासून वेगळी, जागोजागी पाट्या. चढ नाहीत म्हणून मी तयारीच केली नाही, आणि तिथेच चुकलो. सपाट रस्त्यावर माणूस तासन्‌तास एकाच बैठकीत बसून राहतो. दुसऱ्या संध्याकाळी दोन्ही हातांच्या करंगळ्या बधिर झाल्या, त्या पुढे आठवडाभर तशाच होत्या. सीटचे टोक पुढे झुकलेले असल्याने शरीराचा भार तळहातांवर येत होता, हे नंतर एका दुकानदाराने पाच मिनिटांत दाखवून दिले. निघण्यापूर्वी सगळे सामान लादून सलग दोन दिवस सायकल चालवून पाहा. दुखणी दुसऱ्याच दिवशी बोलू लागतात.

*

दुरुस्तीबद्दल थोडेच. पंक्चरवाला सगळीकडे भेटतो, पण तुमच्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असे नाही. दोन सोबत ठेवा. मागचे चाक काढून पुन्हा बसवणे घरी पाच वेळा करून पाहा. ताम्हिणी उतरण्यापूर्वी ब्रेक पॅड तपासा. लादलेली सायकल रिकाम्या सायकलपेक्षा बरीच उशिरा थांबते.

*

धाग्याच्या सुरुवातीला लिहिले ते मीच. वरचे सगळे वाचून आम्ही सहा दिवसांचे नऊ केले आहेत, त्यांपैकी एक दिवस मुद्दाम रिकामा ठेवला आहे, आणि प्रत्येक खाडी सकाळी ओलांडता येईल असे मुक्काम मागे-पुढे सरकवले आहेत. एका मित्राला रजा मिळेल का, हा प्रश्न मात्र त्यामुळे नव्याने उभा राहिला. परतीचा विचार आम्ही केलाच नव्हता. गोव्याहून सायकली परत कशा आणल्या, ते कोणी लिहील का?

*

मी बसने आणली. पुढचे चाक काढले की सायकल डिकीत मावते, फक्त चेनची बाजू वर ठेवा. मी ती खाली ठेवली, वर कोणाच्या तरी आंब्याच्या पेट्या आल्या आणि पुण्यात उतरलो तेव्हा मागचा गिअर आत वाकून स्पोकला घासत होता. पहाटेची वेळ, दुकाने बंद. स्वारगेटपासून घरापर्यंतचे सात किलोमीटर सायकल ढकलत गेलो.