रिंग अनाउन्सर व्हायचंय, बफर बंधूंपैकी कोणाचं बघून शिकू?

निळा_कोपरा:
पुढच्या महिन्यात बॉक्सिंगच्या रिंगमध्ये पहिल्यांदाच माईक हातात येणार आहे. सात लढती आहेत. दोन आठवडे बॉक्सिंगचा अनाउन्सर मायकेल बफर आणि यूएफसीचा (पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्ट्स लढतींचा) ब्रूस बफर यांचे व्हिडिओ बघतोय. मायकेल टक्सिडोत जागचा हलत नाही, ब्रूस गर्रकन वळून थेट खेळाडूच्या तोंडासमोर उभा राहतो. माझा आवाज पातळ आहे, त्याचीच जास्त धास्ती वाटते.

दहावी_फेरी:
ब्रूससारखं करायला जाऊ नका. यूएफसी १०० ला (२००९) त्यानं पूर्ण गिरकी घेतली, ती शोभली कारण तोवर तो १३ वर्षं त्या पिंजऱ्यात उभा होता. मायकेलनं १९८२ मध्ये सुरुवात केली. ‘लेट्स गेट रेडी टू रंबल’ ही त्याची आरोळी मुळात बॉक्सर मुहम्मद अलीच्या ‘रंबल, यंग मॅन, रंबल’वरून सुचलेली.

घंटा_वाजली:
मी १९ वर्षं हे काम करतोय. आवाजाची काळजी सोडा, नावांची करा.

जुना रिंग अनाउन्सर जिमी लेनन सीनियर ऐका, जुनी रेकॉर्डिंग मिळाली तर जरूर. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन बॉक्सरांची नावं तो त्यांच्या घरात घेतात तशी घ्यायचा, म्हणून ते प्रेक्षक त्याला आपला मानत. मुलगा जिमी ज्युनियरही त्याच वळणाचा. मायकेलसुद्धा ओरडत नाही हो! तो स्वर लांबवतो आणि आडनाव शेवटी ठेवतो. आधी कोपरा (लाल की निळा), वजन, जय-पराजय, गाव. नाव सगळ्यांत शेवटी. नाव घेतल्यावर एक शब्दही बोलायचा नाही, ती जागा टाळ्यांची.

माझ्या तिसऱ्याच कार्यक्रमात एका मुलाचं आडनाव मी कागदावर दिसलं तसं वाचलं. तो जिंकला. खाली उतरल्यावर म्हणाला, “सर, माझी पहिली जीत, आणि नाव दुसऱ्याचंच घेतलंत.” तेव्हापासून प्रत्येकाकडे जाऊन नाव त्याच्या तोंडून ऐकतो, माझ्या अक्षरात कार्डावर लिहितो आणि त्यालाच वाचून दाखवतो. सात लढती म्हणजे चौदा जण, अर्ध्या तासात होतं.

निळा_कोपरा:
हे कोणीच सांगितलं नव्हतं. आणि निकाल? तीन पंचांच्या गुणांचे कागद हातात आले की लगेच वाचायचे?

घंटा_वाजली:
नाही. आधी तिन्ही कागद स्वतः वाचा, बेरीज आणि कोपरा जुळतोय का बघा. शंका आली तर अधिकाऱ्याकडे परत द्या, लोक थांबतील. पंचांत फूट असेल तर आधी एक लालचा कागद, मग एक निळ्याचा, निर्णायक तिसरा. समजा बारा फेऱ्यांची लढत आहे: ११५-११३ लाल, ११५-११३ निळा, आणि मग ११६-११२. मी एकदा एकाच बाजूचे दोन्ही कागद आधी वाचले. तिसरा उघडायच्या आत हरणाऱ्यानं मान खाली घातली, आणि उरलेलं सगळं मला त्या खाली गेलेल्या मानेसमोर वाचावं लागलं.

पट्ट्याची म्हणजे विजेतेपदाची लढत असेल तर ‘अँड स्टिल’ (जुनाच विजेता कायम) की ‘अँड न्यू’ (नवा विजेता) हे कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दहावी_फेरी:
आणि तो ‘अँड’ म्हटल्यावर श्वास घ्या. मायकेल तिथं किती थांबतो ते घड्याळ लावून बघा.