तांबेरा: रोग, बुरशी की अख्खा गण?

मोरपंखी: भाषांतरात अडलेय. पिकांवर तांबूस ठिपके पाडणाऱ्या 'रस्ट फंगाय'साठी मी 'तांबेरा बुरशी' लिहिलं, तपासणाऱ्यांनी 'गंज बुरशी' केलं. म्हणे तांबेरा हे रोगाचं नाव. मजकूर वर्गीकरणाचा आहे, सुमारे ८,००० जातींच्या पक्सिनिएलीझ गणाचा (ऑर्डरचा). काय ठेवू?

रानवाट: गंज लोखंडाला चढतो हो! पिकावर तांबेरा पडतो नाहीतर गेरवा. एक तांब्यावरून, एक गेरूवरून. रोमन लोक मात्र लोखंडावरच्या आणि पिकावरच्या दोन्हींना 'रोबिगो' म्हणत, म्हणजे तुमचे तपासनीस लॅटिन विचारांचे दिसतात.

ठोंब्या: रंगावरून नावं ठेवली की घोळ होणारच. मोहरीवरचा 'पांढरा तांबेरा' (अल्ब्युगो) खरी बुरशीच नाही, त्याचे भाऊबंद तपकिरी शैवालांकडचे. आंब्याच्या पानावरचा 'लाल तांबेरा' तर चक्क हिरवं शैवाल! गणाला हे नाव दिलंत तर या उपऱ्यांचं काय?

रानवाट: बाहेर काढा त्यांना. शेतकरी काय दिसलं ते बोलतो.

अक्षरवेळ: शास्त्रज्ञ तरी काय वेगळं करत होते? गव्हावर दिसला तो पक्सिनिया, बार्बेरीच्या झुडपावर दिसला तो ईसिडियम. दोन्ही एकाच जिवाची रूपं, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारीनं १८६५ मध्ये दाखवलं. शेतकऱ्यांना बार्बेरीचा संशय त्याच्या कितीतरी आधीपासून होता. आणि 'एका बुरशीला एकच नाव' हा नियम आला २०११ मध्ये!

ठोंब्या: दिसण्यावर विसंबणं महागात पडतंच. जीवनचक्राच्या शेवटच्या टप्प्यातला बीजाणू दोन पेशींचा असेल तर पक्सिनिया, एका पेशीचा तर युरोमायसिस, अशी वाटणी होती. डीएनए पाहिला तर दोन्ही प्रजाती एकमेकींत मिसळलेल्या. नेचे (फर्न) प्राचीन, म्हणून नेच्यांवरचे तांबेरेही सर्वांत आदिम, हाही तर्क टिकला नाही.

मोरपंखी: 'प्रजाती' म्हणजे जीनस ना? मी स्पीशीजसाठी वापरलाय.

अक्षरवेळ: अरेरे. जीनस म्हणजे प्रजाती, स्पीशीज म्हणजे जाती. मराठी विश्वकोशात बघा.

रानवाट: ताई, वर्तमानपत्रांत सगळीकडे प्रजाती म्हणजे स्पीशीजच. रूढ झालं ते झालं.

अक्षरवेळ: मघाशी गंज चालत नव्हता, आता रूढ झालं ते झालं?

रानवाट: गंज कुठे रूढ आहे? एक शेतकरी दाखवा.

मोरपंखी: मग गणाला 'तांबेरा गण' लिहू का?

ठोंब्या: 'गेरवा गण' बरं. निदान पांढरा गेरवा कोणी म्हणत नाही.

रानवाट: म्हणतात.